टावेलाखालचा हिरा

न्हाई, मला एक सांगा... मी काय त्या हिऱ्याच्या तोंडात हात घालून दात मोजले का? मोजले का? मंग सगळ्या नेकनूरात ही बोंब कुणी ठोकली, की बंकटराव बीडला सराफाकडं गेलते आन हिऱ्याला म्हनले, 'आ कर'? कोण होतं तिथं बघाया? मी होतो, आमची मंडळी वनमाला होती, हिरे दाखवणारी ती सुनिता होती, मालक रामप्रसादशेठ होते आन दारावरचा त्यो बंदूकवाला बजरंग होता. ह्यातलं कुणीबी इथं बैलबाजारात येत न्हाई! म्हंजी फुटलं ते आमच्याच घरातनं... बरं, जाऊ द्या. बसा. चहा सांगा. अंगद, तू हसू नको बे, आधी ऐक. आख्खं ऐकलं म्हंजी तुमीच म्हणताल, बंकटराव, तुमचं काय बी चुकलं न्हाई. आरं, माल बघून घ्यावा का न्हाई, तुमीच सांगा!

ह्याचं सगळं मूळ आष्टीला. माझ्या मेव्हण्याच्या घरी बारसं होतं. सगळ्या बाया पाळण्यात बघतेत, आन मेव्हण्याची बायको, विजयमाला, ती काय करतीय? ती नाक घेऊन बलबाखाली उभी! बाळाचं नाव सांगाया वाकली तरी नाक वर! आन आमच्या वनमालाला म्हणती कशी, "वन्सं, वाईच बाजूला सरका, उजेड आडतोय." उजेड कावून पायजे? तर नाकातल्या मोरणीवर पडाया! "खरा हाय वो, वन्सं. हिरा. सर्टिफिकेट हाय त्याला." आता बाळाला अजून जन्माचा दाखला न्हाई, आन हिच्या नाकाला सर्टिफिकेट!

तुमाला सांगतो, आष्टी ते बीड, बीड ते नेकनूर, आमची मंडळी एक शब्द बोलली न्हाई. बायको भांडली तर माणूस दोन घास खाऊन झोपतो तरी. गप बसली का मंग कवा काय निघंल त्याचा नेम न्हाई! घरी आलो, पायावर पाणी घेतलं, आन तवा ती म्हनली, "लग्नात तुमी काय कबूल केलतं?" मी म्हनलं, काय केलतं? "बैलजोडी चांगली गेली का हिऱ्याची मोरणी करू म्हनलते." आता आमचा धंदाच बैलाचा. जोड्या काय कमी गेल्या माझ्या हाताखालनं? पण एक जोडी बोअरात गेली, एक पोराच्या कॉलेजात गेली, एक आमच्या पोरीच्या, दिपालीच्या लग्नात गेली... जोडी गेली का आपली चाललीच दुसऱ्या वाटंनं. आन हिच्या नाकातली होती ती साधी खड्याची मोरणी, ती बी कवाच हारवली. मंग भोक बुजू नये म्हणून ही बाई नाकात काय घालून हिंडत होती, म्हाईत हाय? खराट्याची काडी! इतकुली तोडून घातलेली. मी रोज हिच्यासमोर जेवाया बसतो, आन मला ते दिसलं न्हाई! बैलाच्या शेपटीतला एक पांढरा केस मला लांबनं दिसतो, आन बायकोच्या नाकातली काडी दिसली न्हाई. लई वाईट वाटलं मला. खोटं कशाला बोलू?

ती म्हनली, "ह्या आठवड्यात घेतली तर घेतली. न्हाईतर ही काडी काढून टाकते आन भोक बुजू देते. पुन्हा नाव काढणार न्हाई."

आता हे आलं का न्हाई अंगावर? म्हनलं, चल! उद्याच चल!

एसटीत बसल्या बसल्या मी तिला सगळं शिकवलं. म्हनलं, हे बघ, मी आजवर कुठं फसलो न्हाई ते कावून? तर माझं तोंड! माल कितीबी आवडू दे, तोंडावर दाखवायचं न्हाई. आवडला का उलट नाक मुरडायचं. पहिली गोष्ट, खोड काढायची. दुसरी गोष्ट, 'नको' म्हणून उठायचं आन चालाया लागायचं. त्यो हाक मारतो. पहिल्या हाकंला वळायचं न्हाई, दुसऱ्या हाकंला वळायचं. ती म्हनली, "आन त्यानं हाकच न्हाई मारली तर?" म्हनलं, वनमाला, बंकटला हाक न मारणारा हेडी, यापारी, अजून जन्माला यायचाय! तिनं खिडकीतनं भायेर बघितलं आन नाकातली काडी चाचपली. आता मला कळतंय, ती तवाच भ्यालती.

दुकानात गेलो. आयला, काय ते गार! बैल बांधला तर उन्हाळाभर उठणार न्हाई असं गार! ती सुनिता आली, हसली, म्हनली, "काका, काय दाखवू?" म्हनलं, हिरा दाखव. मोरणीत बसवायचाय. मोकळाच दाखव, सोन्यात बसवलेला नको, सोन्यात बसवला का निम्मी खोड झाकती. पोरगी म्हनली, "बरोबर आहे काका, मोकळाच बघावा." बघा! म्हंजी मी बरोबर होतो! मंग ती म्हनली, "किती कॅरटचा?" आता आपण काय येडे हायेत का? आपल्याला म्हाईत हाय कॅरट. मी छाती काढून म्हनलं, "बावीसच्या खाली आपण घेत न्हाई."

पोरगी उठली, आत गेली, आतनं खुद्द रामप्रसादशेठ पळत आले, आमाला सोफ्यावर बसवलं, कोल्ड्रिंक आलं, काजू आले... मला म्हनले, "साहेब, कारखाना कोणता आपला?" मी म्हनलं, कसला कारखाना, गोठा हाय. ते म्हनले, "वा वा, साधी माणसं!" वनमाला काजू खातीय आन मला कोपरानं ढोसतीय. मंग त्या पोरीनं हळूच सांगितलं, "काका, सोन्यात कॅरट म्हणजे कस. हिऱ्यात कॅरट म्हणजे वजन. बावीस कॅरटचा हिरा काकूंच्या नाकाला पेलणार नाही." शेठ जसे आले तसे आत गेले. काजूची बशी पण गेली! वनमालाची मूठ भरलेली होती म्हणून तेवढे वाचले.

पण म्हनलं, काय बिघडलं? इचारल्याबिगर कळतंय का? माल बघून घ्यावा का न्हाई, तुमीच सांगा!

मंग पोरीनं एक डबी काढली. कागदाची पुडी उघडली. आन त्याच्यात... आहाहा! ज्वारीच्या दाण्याएवढा, पण काय त्यो उजेड! इकडनं निळा, तिकडनं तांबडा, मान हलवली का पिवळा! मला तर सोफ्यावरनं उठून नाचावं वाटलं. पण मी काय केलं? नाक मुरडलं. म्हनलं, "हं. बरा हाय." शिकवल्यावानी! आन शेजारी बघतो तर वनमाला! तोंड उघडं, डोळे ह्ये एवढे, दोन्ही हात गालाला! "अगं बाई..." मी खोकलो. पुन्हा खोकलो. पोरगी म्हनली, "काका, पाणी देऊ का?"

मंग म्हनलं, रंग सांग. ती म्हनली, "रंगाच्या प्रती असतात. डी पासून सुरू होतात, झेडपर्यंत. डी म्हणजे पांढराशुभ्र, पुढं पुढं पिवळसर होत जातो." मी म्हनलं, थांब! डी पासून कावून? ए, बी, सी कुठं गेले? ती म्हनली, "नसतात काका." नसतात कसे? पहिल्या तीन नंबरचा माल पुढाऱ्यांच्या घरी आधीच पोचला आसंल, तसं सांग की! पोरगी हसाया लागली. तिनं पांढऱ्या कागदाची घडी केली, हिरा त्याच्यात पालथा घातला, म्हनली, "असा पालथा बघितला की खरा रंग कळतो." हे मला पटलं. बैलबी मागनं बघितल्याबिगर कळत न्हाई.

म्हनलं, आता घडण? "पैलू कसे पाडलेत त्याच्यावर चमक असते काका. त्याच्याही प्रती आहेत. एक्सलंट, व्हेरी गुड, गुड..." म्हनलं, बास, गुड दाखव. आपल्याला चांगला पुरे. तर ती आवाज बारीक करून म्हणती, "काका, गुड म्हणजे... तसा कमीच." आरं, चांगला म्हंजी कमी? मंग वाईटाला काय म्हणतेत? "फेअर." फेअर! माझ्या मेव्हण्याला स्थळ आलं तवा विजयमालाच्या कागदात रंग 'फेअर' लिवला होता!

मंग ती म्हनली, "काका, दुसरा प्रकार पण आहे. कारखान्यात तयार केलेला. खराच हिरा, पण मशीनमध्ये वाढवलेला. स्वस्तात एकदम स्वच्छ मिळेल." मी म्हनलं, म्हंजी संकरित! ती म्हनली, "म्हणजे?" म्हनलं, हा जमिनीतला, त्यो मशीनमधला. म्हंजी हा गावरान आन त्यो संकरित! आपल्याला गावरान पायजे. पोरगी म्हनली, "हो काका, हा गावरान." तिला धंद्यात इतकी वर्षं झाली, पण असं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं, ती सोता म्हनली!

मंग भिंग दिलं. डोळ्याला लावायचं, दहा पट मोठं दिसतंय. मी लावलं... काय दिसावं? हे एवढं केसाळ भोक! म्हनलं, ह्याच्यात तर विहीर हाय! "काका, ते तुमचं नाक आहे. भिंग उलटं धरलंय." बरं. सुलटं धरलं. आन मंग दिसलं... हिऱ्याच्या पोटात, डाव्या अंगाला, पांढरं इवलंसं पीस! मी वरडलोच, सापडली! खोड सापडली! आख्खं दुकान वळून बघाया लागलं. पोरगी म्हनली, "काका, त्याला फेदर म्हणतात. नुसत्या डोळ्याला दिसत नाही." म्हनलं, काय बी म्हण, खोड ती खोड! ती म्हनली, "बिनखोडीचा पण आहे, महाग जाईल. गावरान म्हटल्यावर काका, पोटात काहीतरी निघणारच."

हे वाक्य ध्येनात ठेवा बरं का. मला ते लई महागात पडलंय.

मंग वनमालानं भिंग घेतलं. घेतलं ते ठेवंचना! मी खोकतोय, पाय हाणतोय, ती आपली भिंगात. बराच येळ बघितलं आन मंग डोळ्यावरनं काढलं, पण बोलली काईच न्हाई. मला वाटलं, शिकली! तोंड सांभाळलं हिनं!

आता भावाचं. शेठ पुन्हा भायेर आले आन काय केलं म्हणता? भाव तोंडानं सांगितला! भर दुकानात! वरडून! चार गिऱ्हाईकं बसलेली, बंदूकवाला ऐकतोय... मला लाज वाटली त्यांची. आरं, आपल्या बाजारात भाव कुणी तोंडानं बोलतंय का? आपण टावेल टाकतो, टावेलाखाली हातात हात घालतो, बोटं दाबतो, देणाऱ्याला आन घेणाऱ्याला कळतंय, तिसऱ्याला न्हाई. हीच रीत हाय का न्हाई? मला वाटलं, बिचाऱ्या शेठची अब्रू आपण राखावी. म्हणून मी खांद्यावरचा टावेल काढला, आन टाकला! पार हिऱ्यावर, डबीवर, सगळ्यावर! आन टावेलाखाली हात घालून वाट बघत बसलो, शेठच्या बोटांची.

शेठची बोटं काय आली न्हाईत. शिट्टी आली!

फुर्रर्र! बजरंग पळत आला, दाराचं शटर धाडकन खाली, कुठं तरी घंटा वाजाया लागली, आन त्यो बंदूक धरून म्हणतोय, "हात वर!" मी म्हनलं, आरं वर कसा करू, सौदा चाललाय! शेठ वरडतेत, "टॉवेलाखालून हात काढा!" मी म्हनलं, तुमी आत घाला की! वनमाला म्हनली, "अहो, काढा हात!" मंग काढला. आन टावेल उचलला. आन इथं... इथं माझी चूक झाली, कबूल. सवय, दुसरं काय! टावेल उचलला का आपण काय करतो? झटकतो! फट्ट!

टावेलातनं कडबा निघाला, तंबाखू निघाली, बाजारातल्या शेंगांची टरफलं निघाली. आन डबीत बघतो तर हिरा न्हाई!

तुमाला सांगतो, मी डबी पालथी करून बघितली. बंकट, आयुष्यात एका बैलाचं दावंबी चोरलं न्हाई, आन आता सराफाच्या शटरामागं चोर? वनमालाकडं बघितलं. ती रडत नव्हती, वरडत नव्हती. तिनं नुसता हात नाकाकडं नेला... त्या काडीकडं. मला वाटलं, आता ही काडी उपसून फेकती का काय! आरं, मी डायरेक्ट जमिनीवर! रांगाया लागलो. शेठ रांगतेत, पोरगी रांगतीय, चारी गिऱ्हाईकं रांगतेत, बजरंग बंदूक सोफ्यावर ठेवून रांगतोय! आन सराफाच्या दुकानात खाली काय कमी चमकतंय? टिकली सापडली, बांगडीची काच सापडली, साडीची चमकी सापडली. प्रत्येकजण वरडतोय, "गावला!" आन पोरगी म्हणती, "हा नाही!"

शेवटाला सोफ्याच्या बुडाखालनं दोन खडे निघाले. दोन! पोरीनं यंत्राची एक पेन्सिल लावली, खरा हिरा असला का ती वाजती. एकाला वाजली. दुसऱ्यालाबी वाजली! दोन्ही हिरे! दोन्ही गावरान का काय ते मंग कळलं, पण दोन्ही सारखे, जुळ्या वासरावानी. शेठ पांढरेफटक! मंग एकदम वरडले, "अरे, हा तर दिवाळीच्या गर्दीतला! अख्खं दुकान धुंडाळलं होतं आम्ही!" म्हंजी बघा, माझ्या टावेलामुळं शेठचा हरवलेला हिरा सापडला! कुणी सांगतं का हे नेकनूरात? न्हाई! आ कर म्हनले, एवढंच सांगतेत!

पण आमचा कोणता? पोरगी भिंग शोधतीय, शेठ चष्मा शोधतेत. तेवढ्यात वनमाला पुढं झाली. भिंग तिच्या मुठीतच होतं. तिनं एकदा वाकून बघितलं आन बोट ठेवलं. "ह्यो माझा."

माझा! भाव ठरला न्हाई आन माझा! मी खोकलो. एवढा खोकलो का बजरंगनं पाठ चोळली. ती ऐकतीय का? "ह्याच्या पोटात डाव्या अंगाला पीस हाय. ह्योच माझा." पोरीनं बघितलं, म्हनली, बरोबर. मंग शेठ खूश होऊन म्हनले, "काकू, तुमच्या मालकांना खोड नको होती ना? मग हा दिवाळीचा घ्या, एकदम स्वच्छ आहे." मला वाटलं, आता तरी ही नाक मुरडंल. तर म्हणती, "नको. मला ह्योच पायजे. ह्याची खोड मला म्हाईत झालीय, म्हंजी आता ह्यो मला कुठंबी वळखू येतोय." आन तिचे डोळे भरले.

आता सांगा, मी काय करायचं? उठून चालाया लागायचं? शटर बंद! जाऊ कुठं? आन हाक कोण मारील? मला खोड काढायची होती, माझी बोटं नुसती शिवशिवत होती... पण तिचं तोंड बघितलं आन माझी बोटं आखडली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, शेठ तोंडानं जो भाव बोलले तोच दिला. एक शब्द न बोलता! शेठनं खुशीत येऊन काय सोडलं? भिंग! "काकू, हे ठेवा आमच्याकडून." सोन्यात बसवून झाल्यावर तिनं तिथंच आरशापुढं काडी काढली, मोरणी घातली. आन ती काडी? टाकली न्हाई. पदराच्या गाठीला बांधली. मी बघितलं... म्हंजी ह्या बारीला बघितलं.

हिरा राहिला बाजूला, खरा वैताग त्या भिंगाचा! आता घरात काईच तसं आत येत न्हाई. तूरडाळ भिंगाखाली, दूध भिंगाखाली, मेथीची जुडी भिंगाखाली. आष्टीला पुन्हा गेलो, तर हिनं सगळ्या बायांत विजयमालाच्या नाकाला भिंग लावलं! म्हणती, "वैनी, लई स्वच्छ हाय वो तुमचा. पोटात काईच न्हाई. संकरित हाय का?" विजयमालानं सोता उठून बलब बंद केला. मला एवढा आनंद झाला, एवढा आनंद झाला, का मी तिथं बसल्या बसल्या दोन लाडू जास्त खाल्ले.

आन आज सकाळी... हसू नको म्हनलं ना बे! आज सकाळी मी ओट्यावर बसलोय, तर वनमाला म्हणती, "वाईच उजेडात सरका." मला वाटलं, डोळ्यात कुसळ दिसलं हिला. सरकलो. तर हिनं भिंग लावलं, आन माझ्याकडंच बघाया लागली! मागनं बघितलं, पुढनं बघितलं. म्हनली, "रंग उतरलाय. पैलू तर कुणी पाडलेच न्हाईत. पोटात खोडीच खोडी. वजन तेवढं भरतंय."

मला आला राग! म्हनलं, मंग लग्नाच्या टायमाला माल बघून घ्यायचा होता!

ती म्हनली, "तवा भिंग कुठं होतं?" आन पदरानं काच पुसली, नाकातली मोरणी नीट केली आन आत जाता जाता म्हनली, "ऱ्हाऊ द्या. गावरान हाय."

आता सांगा! माल बघून घ्यावा का न्हाई? घ्यावा, बाबांनो, घ्यावा. पण माल आपणच निघालो, तर मान खाली घालून गप उजेडात बसावं.